परतीची वाट : आलमबागच्या मुक्कामातली पानं

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

काम एका पार्सल गोदामाचं. लखनौच्या आलमबागेत कानपूर रोडवरून आत वळायचं; डोक्यावर मेट्रोचा पूल, खाली ई-रिक्षांची झुंबड, जवळच २०१८ साली सुरू झालेलं नवं बसस्थानक. गोदामाच्या वरच्या मजल्यावर मालकांचं दफ्तर, खाली मालाच्या थप्प्या, मागच्या दोन शेडमध्ये दोन भाडेकरू कंपन्या. नेटवर्क मात्र सगळ्यांचं एकाच स्विचवर. जिन्याखालच्या खोलीत रॅक आहे, त्यात ४८ पोर्टांचा लेयर थ्री स्विच. आधी ज्याने मांडणी केली त्याचा हात नीटनेटका होता. स्विचवर चार व्हीआरएफ केलेले आहेत : दफ्तर, कॅमेरे, भाडेकरू एक, भाडेकरू दोन.

व्हीआरएफ म्हणजे एकाच यंत्राच्या पोटातले स्वतंत्र राउटर. प्रत्येकाचं राउटिंग टेबल वेगळं. इंटरफेस एका वेळी एकाच व्हीआरएफचा असतो आणि त्यावरून आत आलेल्या पॅकेटची पुढची दिशा त्याच व्हीआरएफच्या टेबलात शोधली जाते. नुसते व्हीलॅन केले तर विभाग वेगळे दिसतात खरे, पण राउटरपाशी पोचले की पुन्हा एक होतात, कारण त्याच्याकडे टेबल एकच असतं आणि त्यात सगळे असतात. इथे तसं होत नाही. कॅमेऱ्यांच्या टेबलात दफ्तराचा उल्लेखच नाही, म्हणजे कॅमेऱ्यांपुरतं दफ्तर या जगात नाही.

ही कल्पना मोठ्या टेलिकॉम कंपन्यांच्या गरजेतून आली. एकाच तारांच्या जाळ्यावर शेकडो ग्राहक न्यायचे आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. सिस्कोतल्या एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी मार्च १९९९मध्ये आरएफसी २५४७ लिहिली. २००६ साली तिची जागा आरएफसी ४३६४ने घेतली. त्यातलं एमपीएलएस, म्हणजे पॅकेटांना लेबलं लावून नेण्याची रीत, काढून टाकलं आणि फक्त वेगळी टेबलं ठेवली की उरतं त्याला आम्ही व्हीआरएफ-लाइट म्हणतो. गोदामात तेच आहे.

मला बोलावलं ते भिंती पाडायला नाही, दारं ठेवायला. दफ्तरातल्या नियंत्रण कक्षाला कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बघायचं आहे. दोन्ही भाडेकरूंना लेबल छापायचे सामाईक प्रिंटर हवेत. सगळ्यांची घड्याळं एका टाइम सर्व्हरवरून लागावीत. खरं तर ही कामं फायरवॉलची. तिची ऑर्डर गेली आहे, पण माल यायला वेळ आहे. तोवर स्विचवरच सोय करायची.

मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला आणि एका वाक्यात निकाल दिला : "मैडम, सब आपस में मिला दीजिए, झंझट ख़तम."

मंगळवार, ६ फेब्रुवारी

दिवसभर कीबोर्डला हात लावला नाही. वही घेऊन फिरले. कोणाला काय हवंय हे विचारायचं, आणि लगेच दुसरा प्रश्न : कशासाठी, किती जणांना, कोणत्या वेळी? पहिल्या प्रश्नाला सगळे "सब कुछ" म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला मागणी आक्रसते. नियंत्रण कक्षात रेकॉर्डिंग बघणारे संगणक दोनच आहेत. कॅमेरे थेट कोणी बघत नाही. सगळं एका रेकॉर्डरमधून. म्हणजे "दफ्तराला कॅमेरे दिसायला हवेत" याचा अर्थ दोन संगणक आणि एक रेकॉर्डर, एवढाच. हे कळायला तासभर गेला, पण त्याने बुधवारचं निम्मं काम झालं.

दोन्ही भाडेकरूंचे पत्ते सारखेच निघाले : १९२.१६८.१.०/२४. यात नवल नाही. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. दुकानातून आणलेला साधा राउटर बहुतेक वेळा तिसऱ्या पट्ट्यातला शून्य किंवा एक नंबरचा सबनेट घेऊनच येतो. पन्नास घरांत मिळून दोनच आडनावं, अशी अवस्था. वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये असल्यामुळे इतके दिवस त्यांची टक्कर झाली नव्हती.

मॅनेजरसाहेबांना हे कसं सांगायचं? लखनौत त्यासाठी चारबाग आहे. तिथे दोन स्टेशनं खेटून उभी आहेत : चारबाग उत्तर रेल्वेचं, लखनौ जंक्शन पूर्वोत्तर रेल्वेचं. मुंबईहून येणारी पुष्पक त्या दुसऱ्यात येते. दोन्ही रेल्वेंचा स्वतःचा लखनौ विभाग, स्वतःचा कारभार. जंक्शनवर मीटरगेज होतं तेव्हा एकीकडची गाडी दुसरीकडच्या रुळावर जाणं शक्यच नव्हतं. प्लॅटफॉर्म नंबर एक दोन्हीकडे आहे. हमालाला नुसतं "एक नंबर" सांगून चालत नाही. आधी स्टेशन सांगावं लागतं. तिकिटावर म्हणूनच कोड असतो, एलकेओ किंवा एलजेएन. व्हीआरएफमध्येही पत्त्याच्या पुढे असाच कोड लावतात, त्याला राउट डिस्टिंग्विशर म्हणतात. ८ बाइटांचा हा कोड आणि ४ बाइटांचा आयपी पत्ता मिळून १२ बाइटांचा पत्ता होतो, आणि दोन १९२.१६८.१.० शेजारी शेजारी सुखाने राहतात.

साहेब म्हणाले, "तो फिर दोनों स्टेशन के बीच पुल बना दीजिए." बरोबर. प्रश्न पुलावरून कोणी जायचं, हाच.

संध्याकाळी खोलीवर लॅपटॉपवर तालीम केली. लिनक्समध्ये व्हीआरएफची सोय कर्नल ४.३पासून, म्हणजे २०१५च्या अखेरपासून आहे. क्यूम्युलस कंपनीतल्या इंजिनिअरांनी घातलेली. स्विच बाजारातून आणायची गरज नाही, चार ओळींत चार व्हीआरएफ तयार होतात. ग्राहकाच्या चालू स्विचवर प्रयोग करायचे नाहीत, हा नियम मी पाळते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सगळ्यात सरळ मार्ग स्टॅटिक रूटचा. दफ्तराच्या टेबलात एक ओळ : १०.३०.०.१० हा रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवर आहे, पुढचा टप्पा तोच. टेबल दफ्तराचं, इंटरफेस मात्र दुसऱ्या व्हीआरएफचा. एवढ्यानेच पॅकेट एका राउटरमधून दुसऱ्यात उतरतं. आमच्या भाषेत याला रूट लीक करणं म्हणतात.

इथला तंत्रज्ञ मुलगा सोबत आहे, पॉलिटेक्निक करून आलेला, हुशार. त्याला मुद्दाम एकच ओळ टाकायला सांगितली आणि पिंग मारायला लावलं. उत्तर नाही. त्याचा पहिला तर्क : पॅकेट पोचत नाहीये. मग रेकॉर्डरच्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन वायरशार्क लावलं. विनंती व्यवस्थित पोचत होती. रेकॉर्डर उत्तरही देत होता. उत्तर गेटवेपाशी येत होतं, आणि गेटवे कॅमेऱ्यांच्या टेबलात नियंत्रण कक्षातल्या संगणकाचा पत्ता, १०.२०.५.११, शोधत होता. तिथे दफ्तर नाहीच. पण एक डिफॉल्ट रूट होता, कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी ठेवलेला. त्यामुळे नियंत्रण कक्षाला निघालेलं उत्तर इमानेइतबारे इंटरनेटच्या लाइनवर जाऊन बाहेर पडत होतं. खासगी पत्त्याला बाहेर कोण विचारतो? गेलं ते गेलं. कुठेही चूक नोंदली गेली नाही, कुठलाही दिवा लाल झाला नाही.

डिफॉल्ट नसता तर स्विचने "रस्ता नाही" असं रेकॉर्डरला कळवलं तरी असतं. डिफॉल्ट असला की न सापडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक खोटा रस्ता मिळतो. बिघाड शोधताना माझा जास्त वेळ याच रस्त्याने खाल्ला आहे.

मग दुसरी ओळ, कॅमेऱ्यांच्या टेबलात : १०.२०.५.११ दफ्तराच्या इंटरफेसवर. पिंग सुरू. मुलाने लगेच कॅमेऱ्यांच्या गेटवेला, १०.३०.०.१ला, पिंग मारलं. उत्तर नाही. तो पुन्हा गडबडला. त्याला टेबल उघडून दाखवलं : आपण रस्ता दिला तो रेकॉर्डरला, गेटवेला नाही. शिवाय बऱ्याच स्विचांवर अख्खा सबनेट लीक केला तरी पलीकडच्या व्हीआरएफमधला स्विचचा स्वतःचा पत्ता उत्तर देत नाही. त्याच्या मागची यंत्रं देतात. "गेटवेला पिंग मारून बघ" ही जी सवय आपल्याला पहिल्या दिवशी लावतात, ती इथे फसवते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

वीज खात्याच्या कामामुळे दुपारपर्यंत लाइट नव्हती, यूपीएसवर स्विचला हात लावायचा नव्हता. चंदरनगरात १८५७मधल्या इंग्रज सेनापती हॅवलॉकची कबर बघून आले. एकेकाळची बाग आता वस्तीत बुडाली आहे. नवाब वाजिद अली शाहने ही बाग बेगम आलम आरासाठी केली. आलमबाग हे नाव तिचं.

१८५७मध्ये या जागेला महत्त्व आलं ते कानपूरच्या रस्त्यामुळे. हॅवलॉक आणि दुसरा इंग्रज सेनापती आउट्रम कानपूरहून आले ते लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांना सोडवायला. २३ सप्टेंबरला त्यांनी आलमबाग घेतली, आजारी, जखमी आणि सामान इथेच ठेवलं, आणि २५ तारखेला चारबागच्या पुलावरून शहरात घुसले. मेलेली आणि जखमी मिळून पाचशेहून जास्त माणसं गमावून रेसिडेन्सीत पोचले. आणि तिथेच अडकले. आत जायचा रस्ता त्यांनी लढून काढला होता. बाहेर यायचा नव्हता. सोडवायला आलेल्यांना सोडवायला नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलला यावं लागलं. वेढा फोडून सगळे बाहेर पडले, आणि २४ नोव्हेंबरला हॅवलॉक दिलकुशात हगवणीने गेला. त्याला पुरलं ते इथे, ज्या ठिकाणाहून तो निघाला होता तिथे. आउट्रमने नंतर मार्च १८५८पर्यंत आलमबाग धरून ठेवली. बेगम हजरत महल आणि मौलवी अहमदुल्ला शाह यांच्या फौजांनी तिच्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले.

माझ्या कामाच्या दृष्टीने त्यातली दुसरीच माणसं मोलाची. त्या पावसाळ्यात रेसिडेन्सीची पत्रं नेणारा अंगद नावाचा पेन्शनर शिपाई होता. ग्रीक लिपीत लिहिलेली इंग्रजी पत्रं पिसाच्या नळीत घालून तो वेढ्यातून बाहेर पडायचा, आणि उत्तर घेऊन परत आत यायचा. एवढ्या सगळ्या तोफा आणि पलटणींमध्ये, नोव्हेंबरच्या आधी, दोन्ही दिशांनी वाट चालू ठेवली ती या माणसाने. पुढे रेसिडेन्सीच्या छपरावर आणि इकडे आलमबागेत सेमाफोरचे खांब उभे राहिले. त्यांची रचना पेनी सायक्लोपीडिया या ज्ञानकोशातली नोंद वाचून केली. ९ नोव्हेंबरच्या रात्री कॅव्हना नावाचा कारकून वेषांतर करून कनौजीलालच्या सोबतीने बाहेर पडला तो कॅम्पबेलला वाट दाखवायला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाटाड्या कनौजीलालचं नाव शोधून वाचावं लागतं.

संध्याकाळी लाइट आली. दोन्ही बाजूंच्या ओळी जोडीने लिहायची पद्धत वहीत पक्की केली. समासात एकाच नंबराखाली "जा" आणि "ये". "ये" रिकामं असेल तर ती नोंद स्विचवर जाणार नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दोन संगणक आणि एक रेकॉर्डर यांना स्टॅटिक ओळी पुरतात. प्रिंटरचं तसं नाही. तिथे दफ्तर आहे, दोन भाडेकरू आहेत, उद्या तिसरा येईल. प्रत्येक जोडीला दोन ओळी म्हटलं की वर्षभरात कोणती ओळ कोणाची हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पाचवा व्हीआरएफ केला, नाव "सेवा". प्रिंटर आणि टाइम सर्व्हर दफ्तरातून काढून त्यात टाकले.

आता बीजीपी. इंटरनेट चालवणारा हा प्रोटोकॉल इथे एकाही शेजाऱ्याशिवाय चालतो. स्विच स्वतःशीच बोलतो : प्रत्येक व्हीआरएफ आपले रूट एका खुणेसह बाहेर ठेवतो आणि कोणत्या खुणेचे रूट आत घ्यायचे ते ठरवतो. या खुणेला राउट टार्गेट म्हणतात. "सेवा" आपले रूट ६५००१:५०० या खुणेने ठेवतो, बाकीचे चारही ते घेतात. ते चौघं आपापले रूट आपापल्या खुणांनी ठेवतात, आणि ते घेतो फक्त "सेवा". भाडेकरू एकमेकांची खूण आत घेत नाहीत. "सेवा"तून एकाचे रूट दुसऱ्याकडे वाहत जातील का, अशी शंका मुलाने काढली, आणि ती रास्त होती. जात नाहीत; आयात केलेला रूट तिथून पुढे आपोआप निर्यात होत नाही. पण "आपोआप होत नाही" यावर मी घर सोडत नाही. आयातीवर गाळणी लावली : प्रत्येकाकडून नेमके कोणते सबनेट घ्यायचे त्याची यादी. यादीत नाही ते बाहेर.

गाळणी नसली की काय होतं, हे २४ फेब्रुवारी २००८ला जगाने पाहिलं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला २०८.६५.१५३.०/२४ हा रूट स्वतःकडे वळवला. तो घरातच राहायला हवा होता. वरच्या पुरवठादाराने तो न तपासता पुढे पाठवला, आणि दोनेक तास जगभरची यूट्यूबची रहदारी पाकिस्तानच्या दिशेने गेली. आमच्या गोदामाचा आवाका एवढासा आहे, पण चूक त्याच जातीची होऊ शकते.

खरी अडचण संध्याकाळी समोर आली, आणि ती मंगळवारीच वहीत लिहून ठेवली होती. दोन्ही भाडेकरूंचा सबनेट एकच. बीजीपीच्या पोटात ते कोडामुळे वेगळे राहतात. पण दोन्ही "सेवा"च्या टेबलात उतरले की कोड गळून पडतो, तिथे १९२.१६८.१.०/२४ला एकच जागा आहे आणि ती एकालाच मिळते. मग भाडेकरू दोनने प्रिंटरला काम पाठवलं तर ते पोचेल, पण प्रिंटरचं उत्तर भाडेकरू एकच्या शेडमध्ये जाईल. कोड सामान वाहून नेताना उपयोगी. सामान जिथे एकत्र ठेवायचं तिथे नावं वेगळी लागतातच. यातून सुटायचे मार्ग दोनच : एनएटी करून पत्ते झाकायचे, किंवा एकाचे पत्ते बदलायचे. या स्विचला एनएटी येत नाही.

भाडेकरू दोनचे पत्ते बदलायचे ठरलं. १०.४०.०.०/२४. त्यांचं काम शनिवारी रात्री दहाला थांबतं.

शनिवार, १० फेब्रुवारी, रात्र

पत्ते बदलण्यात तांत्रिक काही नसतं, फक्त शोधाशोध असते. संगणकांना डीएचसीपीने नवे पत्ते मिळाले आणि ते गप्प बसले. त्रास हाताने पत्ते टाकलेल्या वस्तूंचा : वजनकाटे, दोन बारकोड स्कॅनरचे अड्डे, आणि भिंतीवरचं बोटाच्या ठशाचं हजेरीयंत्र, ज्याचा पासवर्ड लावणाऱ्यासोबत नोकरी सोडून गेला होता. चौकीदारांनी शिडी धरली, शेंगदाणे दिले, आणि हजेरीयंत्र बसवलं तेव्हाची पावती टेबलाच्या खणात आहे हेही त्यांनीच सांगितलं. पावतीच्या मागे पेन्सिलीने पासवर्ड होता.

मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. चालू इंटरफेस दुसऱ्या व्हीआरएफमध्ये टाकला की त्यावरचा आयपी पत्ता पुसला जातो. स्विच तसं कळवतो, पण आपण त्याच पत्त्यावरून आत आलेलो असू तर ती सूचना वाचायला आपण उरत नाही. म्हणून अशा रात्री कन्सोल केबल लावूनच बसायचं, आणि पत्त्याची ओळ आधीच नोटपॅडमध्ये लिहून ठेवायची. डीएचसीपीही ज्या त्या व्हीआरएफमध्ये स्विचवरच ठेवलं. दफ्तरातल्या सर्व्हरकडून दिलं असतं तर त्याच्यासाठी "जा" आणि "ये"ची आणखी एक जोडी लागली असती, आणि ती एका सोयीसाठी सगळ्या भाडेकरूंना दफ्तराशी बांधणारी होती.

पहाटे अडीचला भाडेकरू दोनच्या शेडमधून पहिलं लेबल छापलं गेलं. कुल्हडमधला चहा. बाहेर धुकं नव्हतं, पण गारठा चांगलाच होता.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज दारांची रुंदी मोजायचा दिवस.

बुधवारी कॅमेऱ्यांच्या टेबलात परतीची जी वाट टाकली ती दोन संगणकांची, एकेका पत्त्याची. दफ्तराचा पूर्ण सबनेट टाकणं सोपं होतं. एका ओळीत काम झालं असतं. पण मग रेकॉर्डरला दफ्तरातला प्रत्येक संगणक दिसला असता, हिशेबाचा सर्व्हरही. कॅमेरे आणि रेकॉर्डर हे नेटवर्कमधले सगळ्यात कच्चे घटक. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरगुती राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ला डाइन या डीएनएस कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. अशा यंत्राला उत्तर द्यायला जेवढी वाट लागते तेवढीच द्यायची. ज्या पत्त्याचा रस्ताच टेबलात नाही त्याच्यासाठी पहारेकरी बसवावा लागत नाही. मात्र तो डिफॉल्ट रूट होताच. त्यामुळे कॅमेऱ्यांचा दफ्तराकडे जाणारा प्रत्येक भरकटलेला प्रयत्न इंटरनेटच्या लाइनवर गेला असता. खासगी तिन्ही पट्ट्यांसाठी "टाकून द्या" अशा ओळी कॅमेऱ्यांच्या टेबलात घातल्या. जास्त नेमका रूट आधी जिंकतो, त्यामुळे दोन संगणकांची आणि "सेवा"ची वाट शाबूत राहिली आणि बाकीचं सगळं स्विचपाशीच संपलं.

वर एसीएल, म्हणजे कोणाला सोडायचं त्याची यादी, लावली : दोन संगणकांकडून रेकॉर्डरकडे वेबसाठी ४४३ आणि व्हिडिओसाठी ५५४ हे टीसीपी पोर्ट, उलट दिशेने फक्त आधी सुरू झालेल्या संभाषणाची उत्तरं. इथे मॅनेजरसाहेबांना स्पष्ट सांगितलं की स्विचची एसीएल फायरवॉल नसते. फायरवॉल संभाषण लक्षात ठेवते; कोणी सुरुवात केली ते तिला माहीत असतं. स्विच प्रत्येक पॅकेट नव्याने पाहतो आणि टीसीपीच्या माथ्यावर एसीके किंवा आरएसटीचा बिट दिसला की त्याला उत्तर समजतो. तो बिट कोणीही लावू शकतो. आणि यूडीपीला असा बिटच नसतो. म्हणून यूडीपी फक्त टाइम सर्व्हरच्या १२३ पोर्टपुरतं सोडलं.

साहेबांनी विचारलं, "मतलब ख़तरा है?" म्हटलं, आहे, आणि तो या कागदावर लिहिलेला आहे. खाली त्यांची सही घेतली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मुलाने स्वतःहून एक युक्ती आणली. एवढ्या ओळी कशाला? पोर्ट ४७ दफ्तरात, पोर्ट ४८ कॅमेऱ्यांत, मध्ये हातभर केबल. दोन राउटर जोडतात तसे जोडू. कल्पना चुकीची नाही, जुने लोक करतही आले आहेत, आणि केबल डोळ्यांना दिसते हा तिचा गुण. पण बऱ्याच स्विचांवर सगळ्या व्हीलॅन इंटरफेसना एकच मॅक पत्ता असतो. केबलच्या एका टोकाने एआरपीत "अमुक पत्ता कोणाचा" विचारलं तर दुसऱ्या टोकाला प्रश्न स्वतःच्याच मॅककडून आल्यासारखा दिसतो आणि तो टाकून दिला जातो. हाताने वेगळा मॅक द्यावा लागतो. टोकं चुकून एकाच प्रसारण क्षेत्रात गेली तर स्पॅनिंग ट्री एक पोर्ट बंद करतो, आणि स्पॅनिंग ट्रीच बंद ठेवलेला असला तर लूप. शिवाय सगळी रहदारी त्या एका केबलच्या वेगाला बांधली जाते. लीक केलेला रूट मात्र स्विचच्या चिपमध्येच, पूर्ण वेगाने चालतो. हे सगळं फळ्यावर काढलं. मुलाने फळ्याचा फोटो काढला आणि केबल खणात ठेवली.

दुपारी उतरवायचा क्रम लिहिला. फायरवॉल आली की प्रत्येक व्हीआरएफचा एक पाय तिच्यात जाईल, आणि आज स्विचवर केलेल्या जोड्या एकेक करून काढाव्या लागतील. एक जरी राहिली तरी ती रहदारी फायरवॉलला टाळून जात राहील, आणि सगळं उत्तम चालत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्यातही मधली स्थिती वाईट : "जा" फायरवॉलमधून आणि "ये" स्विचवरून असं झालं, तर फायरवॉलला अर्धंच संभाषण दिसतं आणि ती ते तोडते. म्हणून जोडी एकत्रच काढायची. प्रत्येक जोडीला नाव दिलं : कोणी मागितली, कशासाठी, कधी काढायची. स्विचमध्ये रूटला नाव द्यायची सोय असते. ती फारसं कोणी वापरत नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी, वसंत पंचमी

दफ्तरात निम्मे लोक पिवळ्या कपड्यांत. कोपऱ्यात सरस्वतीची तसबीर, बुंदी. माझ्या मराठी नावावरून हिशेबनिसांनी भातखंडेंचा विषय काढला. १९२६ साली त्यांनी लखनौत सुरू केलेलं संगीत महाविद्यालय आता विद्यापीठ आहे आणि हिशेबनिसांची भाची तिथे शिकते. भातखंडेंच्या गावची माणसं, असा मान मिळाला. मी त्यांच्या गावची नाही, पण बुंदी घेतली.

आजची तपासणी उलटी. काय पोचतं ते सगळे दाखवतात. मला काय पोचत नाही ते दाखवायचं होतं. वहीतली दुसरी यादी काढली. भाडेकरू एककडून भाडेकरू दोनकडे : नाही. दोन्हीकडून कॅमेऱ्यांकडे : नाही. रेकॉर्डरकडून हिशेबाच्या सर्व्हरकडे : नाही, आणि पॅकेट इंटरनेटच्या लाइनवरही दिसत नाही. नियंत्रण कक्षाच्या तिसऱ्या संगणकावरून रेकॉर्डर : नाही. हा शेवटचा नकार बघून तिथल्या सुपरवायझरबाई थोड्या नाराज झाल्या. त्यांची खुर्ची त्या तिसऱ्या संगणकासमोर आहे. त्यांना सांगितलं, तुमचा संगणक यादीत घालायचा असेल तर मॅनेजरसाहेबांनी लिहून द्यावं, दोन ओळींचं काम आहे. त्यांनी तिथल्या तिथे लिहवून आणलं. दोन ओळी टाकल्या, नाव दिलं, तारीख घातली.

निघताना मॅनेजरसाहेब म्हणाले की पुढच्या महिन्यात तिसरा भाडेकरू येतोय, त्यालाही प्रिंटर लागतील, आता तर सगळं तयारच आहे ना? आहे, म्हटलं. त्याची खूण वेगळी, गाळणीची यादी वेगळी, बाकी सगळं तेच. फक्त सामान उतरवण्याआधी त्याला एक विचारा : पत्ते कोणते आणतोय?

"१९२.१६८.१ होगा," मुलगा पाठीमागून म्हणाला, आणि नवा सबनेट लिहायला वही उघडली.